पुण्याला रात्री निघताय? आधी झोपेचा हिशेब मांडा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की इंदूरच्या मराठी घरांत एकच बेत शिजतो : ‘रात्री दहाला निघू, रस्ता मोकळा मिळतो, सकाळी नऊला पुण्यात चहा.’ मुलं हिंजवडीत नोकरीला, नातेवाईक सातारा-सांगलीकडे, त्यामुळे हा सुमारे ६०० किलोमीटरचा पल्ला आपल्याकडे दर सुट्टीला मारला जातो. निघण्याआधी टायरची हवा, ऑइल, फास्टॅगमधली शिल्लक सगळं बघितलं जातं. गाडी चालवणारा आज सकाळी किती वाजता उठला, हे मात्र कुणी विचारत नाही.

समजा, तो साडेसहाला उठला. दिवसभर ऑफिस, संध्याकाळी सामानाची बांधाबांध, रात्री १० ला गाडी सुरू. मानपूर मागे टाकून, घाट उतरून साडेअकराच्या सुमारास गाडी खलघाटला नर्मदेच्या पुलाशी येते, तेव्हा तो सलग १७ तास जागा असतो. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १७ तास जागलेल्या माणसांचा हात आणि नजर यांचा मेळ १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतका बिघडलेला आढळला. २४ तासांनंतर तो १०० मिलिग्रॅमच्या पातळीला गेला. आपल्या मोटार वाहन कायद्यातली मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. म्हणजे आयुष्यात दारूला न शिवलेले गृहस्थ नर्मदा ओलांडतानाच ती मर्यादा पार करून बसलेले असतात, आणि अजून सेंधवा यायचंय. हीच गाडी पहाटे चारच्या आसपास मालेगाव-मनमाडच्या पट्ट्यात असते. तो या प्रवासातला सगळ्यात वाईट तास.

असं का, तर झोपेमागे दोन वेगळ्या यंत्रणा चालतात. पहिली साधी : जागेपणाचा प्रत्येक तास मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठवत जातो आणि ते झोपेतच उतरतं. दुसरी आहे शरीराचं घड्याळ. डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या बरोबर वर सुमारे २०,००० पेशींचे दोन पुंजके आहेत. शरीराचं तापमान, भूक, संप्रेरकं आणि तरतरी यांची वेळ ते ठरवतात. पेशींमध्ये हे घड्याळ कसं चालतं, ते उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. या घड्याळाप्रमाणे पहाटे ४-५ ला शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं आणि तरतरीही तळाला गेलेली असते. दुपारी २ ते ४ ही दुसरी, त्याहून उथळ घसरण. जेवण हलकं असो की दाल-बाफल्यांचं, ती येतेच. बाफल्यांनी ती जड होते एवढंच. रात्री निघालेल्या ड्रायव्हरच्या बाबतीत पहाटे चारला दोन्ही गोष्टी एकदम गाठ घालतात : साठलेलं ओझं कमाल, घड्याळ तळाला. ‘मला सवय आहे’ या वाक्याचा इथे काही उपयोग नाही.

सवयीबद्दल आणखी एक. रोज ६ तास झोपून १४ दिवस काढलेल्या निरोगी माणसांच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा त्यांचं लक्ष अख्खी रात्र जागलेल्या माणसाइतकं चुकत होतं. विचित्र भाग असा की त्यांना स्वतःला फारशी झोप येत असल्यासारखं वाटत नव्हतं. दिवाळीआधीचा पंधरवडा आठवून पाहा : घराची सफाई, ऑफिसातली कामं उरकण्याची घाई, रात्री एकपर्यंत चकल्यांचा घाणा. या पंधरवड्यानंतर जो स्टिअरिंगला बसतो, त्याची गाडी निघण्याआधीच उधारीवर चाललेली असते.

डुलकी म्हटलं की मान खाली पडणं डोळ्यांसमोर येतं. धोक्याची डुलकी त्याआधीची असते, चार-पाच सेकंदांची. डोळे उघडेही असतील, पण मेंदू बघत नसतो. ताशी ८० च्या वेगाने ४ सेकंदांत गाडी ८९ मीटर जाते, ताशी १०० ला १११ मीटर. जागा ड्रायव्हर स्टिअरिंग सतत, नकळत, केसभर इकडे-तिकडे करत असतो. झोप चढू लागली की या बारीक दुरुस्त्या थांबतात, गाडी हळूच एका अंगाला सरकते आणि मग एकदम हिसका बसतो. शेजारी बसलेल्याला तो सहज कळतो, कारण सरळ रस्त्यावर हिसक्याचं काही कारणच नसतं. लेनच्या पट्टीवरच्या चमकत्या खुंट्यांवरून चाक टकटक करत गेलं, वेग ८० वरून आपोआप ६० वर आला, पुढच्या ट्रकच्या लाल दिव्यांवर नजर खिळून राहिली, तर प्रकरण पुढे गेलेलं आहे. शेजाऱ्याने मधूनच विचारावं, ‘मागचा टोल नाका कुठला गेला?’ उत्तर अडखळत आलं की पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी घ्यायची. त्यासाठी शेजारच्या सीटवरचा माणूस जागा हवा. आपल्याकडे तोच सगळ्यात आधी घोरायला लागतो.

काच उघडणं, मोठ्याने गाणी लावणं, तोंडावर पाणी मारणं, बडीशेप चघळणं हे उपाय सगळे करतात. थंड हवा आणि रेडिओ यांची तर सिम्युलेटरवर, म्हणजे गाडी चालवण्याची नक्कल करणाऱ्या यंत्रावर, रीतसर तपासणी झालेली आहे. परिणाम किरकोळ आणि थोडाच वेळ टिकणारा. काचेच्या बाबतीत एक गोष्ट मात्र खरी आहे : एसी आतलीच हवा फिरवत ठेवण्याच्या बटणावर असेल, तर चार-पाच माणसांच्या श्वासाने गाडीत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि जडपणा वाढतो. ते बटण बाहेरच्या हवेवर ठेवावं. याने झोप पुरी होत नाही, ती आणखी ओढवून घेणं तेवढं थांबतं.

चहाचं गणितही समजून घेण्यासारखं आहे. कॅफिन ॲडेनोसिन काढून टाकत नाही, त्याची बसायची जागा अडवतं. ओझं खाली तसंच वाढत राहतं. झोप हटवायला साधारण १५० ते २०० मिलिग्रॅम कॅफिन एकदम लागतं; ढाब्यावरच्या अर्ध्या कपात ते २०-३० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे सेंधव्याला घेतलेल्या एका ‘कट’ने मनाचं समाधान होतं. कडक कॉफीचे दोन मोठे कप घेतले तर मात्रा जुळते, पण असर सुरू व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि निम्मं कॅफिन शरीराबाहेर जायला सरासरी ५ तास. पहाटे ४ ला घेतलेली कॉफी सकाळी ९ ला पुण्यात पोहोचून झोपायला बघाल तेव्हाही निम्मी अंगात असते.

ही उशिरा असर करण्याची खोड कामाला लावता येते. गाडी उजेडातल्या पेट्रोल पंपावर किंवा ढाब्याच्या आवारात घ्यावी. महामार्गाच्या कडेला मुळीच नको, कारण मागून येणाराही तुमच्याइतकाच पेंगुळलेला असू शकतो. कॉफी प्यावी, लगेच इंजिन बंद करून, काचा दोन बोटं खाली ठेवून, सीट मागे टाकून पडावं आणि मोबाइलवर २० मिनिटांचा गजर लावावा. झोप नीट लागली नाही तरी चालतं, पेंग आली तरी पुष्कळ. गजर २० चा हवा, ४५ चा नको. तेवढ्या वेळात माणूस गाढ झोपेत उतरतो आणि तिथून उठवलं तर पुढची १५ ते ३० मिनिटं डोकं धुक्यात राहतं. २० मिनिटांनी उठून खाली उतरावं, दहा मिनिटं चालावं, मग किल्ली फिरवावी. याने तास-दोन तासांची तरतरी मिळते. त्यात मुक्कामाची जागा गाठायची असते, मनमाडहून थेट पुणं नव्हे.

एक पथ्य औषधांचं. सर्दीच्या बऱ्याच मिश्र गोळ्यांत क्लोरफेनिरामाइन नावाचं झोप आणणारं औषध असतं, ते रात्री घेतलं तरी दुसऱ्या दिवशी अंगात उरतं. घाटात उलटी होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्याही झोप आणतात. त्या मागच्या सीटवरच्यांनी घ्याव्यात, ड्रायव्हरने नाही.

मग निघायचं कधी? आधीच्या दोन रात्री साडेसात-आठ तास झोप, निघायच्या आदल्या रात्री ९ ला अंथरूण, पहाटे ५ ला प्रस्थान. घाट उजाडताना उतरतो, दहाच्या सुमारास धुळं येतं, दर दोन तासांनी दहा-पंधरा मिनिटं पाय मोकळे करायचे, आणि दुपारच्या दोन ते चारच्या पेंगेला अहिल्यानगरच्या अलीकडे-पलीकडे वीस मिनिटांचा थांबा ठरवूनच ठेवायचा. संध्याकाळी पाच-सहाला पुणं. एक दिवस प्रवासात जातो, हे कबूल. पण रात्री गेलेल्या माणसाचाही दुसरा दिवस सोफ्यावर घोरण्यातच जातो. सुट्टी फक्त दोन दिवसांची असेल तर रेल्वेने किंवा बसने जावं.

बसचं मात्र वेगळं दुखणं आहे. इंदूरहून संध्याकाळी-रात्री सुटणाऱ्या स्लीपर बसवर दोन ड्रायव्हर असतात, असं तिकीट काढताना सांगितलं जातं, आणि बहुतेक वेळा ते असतातही. पण दुसरा झोपतो कुठे? केबिनमध्ये इंजिनच्या धगीशेजारी, नाहीतर खाली सामानाच्या डिक्कीत. हलत्या गाडीत, हॉर्न आणि खड्ड्यांमध्ये लागणारी झोप वरवरची असते. सकाळी पुण्यात पोहोचल्यावर गाडी धुऊन घ्यायची, संध्याकाळी परतीची फेरी, मध्ये उन्हात तापलेल्या बसमध्येच आडवं व्हायचं. शरीराचं घड्याळ दिवसा जागं ठेवत असतं, त्यामुळे दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा तासा-दोन तासांनी तरी कमीच भरते. चौथ्या-पाचव्या फेरीपर्यंत दोघेही सारखेच थकलेले.

त्यात अदलाबदलीची पद्धत. ढाब्यावर गाडी थांबते, क्लीनर दुसऱ्याला हलवून उठवतो, तो डोळे चोळत उतरतो, दोन मिनिटांत सीटवर. गाढ झोपेतून नुकताच उठलेला माणूस अंधारात १५ टनांची गाडी महामार्गावर काढतो! अदलाबदल रात्री एकच्या आत व्हावी, तीनला नव्हे. दुसऱ्याला गाडी थांबण्याच्या आधी उठवावं. उठल्यापासून स्टिअरिंग हातात घेईपर्यंत पुरी वीस मिनिटं जाऊ द्यावीत. आणि एकाने सलग चार तासांहून जास्त चालवू नये. यात मालकाचा पैसा जात नाही, प्रवाशांची वीस मिनिटं जातात.

तासांची मर्यादा आपल्याकडे नवी नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास, लांब पल्ल्यावर फार तर १० आणि ५४, आणि सलग ५ तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती असं घालून दिलं होतं. युरोपात साडेचार तासांनंतर ४५ मिनिटं थांबावंच लागतं, आणि ते ट्रक-बसमधलं टॅकोग्राफ नावाचं यंत्र नोंदवतं. आपल्याकडे २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना जीपीएस ट्रॅकर सक्तीचा झाला, पण तो गाडी किती चालली ते सांगतो, चाक कुणाच्या हातात होतं ते नाही. ड्रायव्हरने बसताना स्वतःचं लायसन्स कार्ड टेकवावं आणि तिथून त्याचे तास मोजले जावेत, एवढी भर घातली तर काम होईल. तोवर प्रवाशांनी तिकिटाच्या खिडकीवर दोनच प्रश्न विचारावेत : दुसरा ड्रायव्हर झोपतो कुठे, आणि ही जोडी काल रात्री कुठल्या गाडीवर होती?

शहराच्या जवळचा धोका पीथमपूरचा. तिथल्या कारखान्यांतून रात्रपाळी करून हजारो लोक सकाळी मोटारसायकलने इंदूरकडे येतात. २५-३० किलोमीटर, आणि येताना तोंड पूर्वेकडे, उगवत्या सूर्यासमोर. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात रात्रपाळीच्या १६ कामगारांना बंद ट्रॅकवर खरी गाडी चालवायला दिली. रात्रभर झोपून आल्यावर एकालाही अपघात होता होता वाचवावं लागलं नाही, रात्रपाळीनंतर १६ पैकी ६ जणांच्या बाबतीत तशी वेळ आली. तिथे शेजारी ब्रेक दाबणारा माणूस बसलेला होता, बायपासवर तो नसतो. कंपनीची बस असेल तर तिनेच यावं. नसेल तर पाळी सुटल्यावर गेटवरच वीस मिनिटं बाकावर डोळा लावायची सोय कंपनीने करावी; एक पंखा आणि चार बाकडी लागतात.

घरी आल्यावर दुसरी लढाई. सकाळी साडेआठला अंथरुणावर पडावं तर कचरागाडी गाणं वाजवत दारात हजर. स्वच्छतेत २०१७ पासून आपण देशात पहिले, त्याचा अभिमान आहेच, पण रात्रपाळीवाल्याच्या पहिल्या झोपेचं खोबरं त्याच गाण्याने होतं. खोलीला जाड, काळसर पडदे, कानात बोळे, घंटी बंद, फोन दुसऱ्या खोलीत, आणि कूलरचा एकसुरी आवाज चालू. साडेआठ ते दीड एक झोप आणि पाळीला निघण्याआधी संध्याकाळी दीड तासाची दुसरी, अशी दोन तुकड्यांतली झोप सलग सात तासांच्या नादात चार तासच मिळण्यापेक्षा बरी. येताना काळा गॉगल लावला तर सकाळचं ऊन घड्याळाला ‘दिवस झाला’ असं सांगत नाही. हे बसने येणाऱ्यांसाठी. स्वतः चालवणाऱ्याला तोच उजेड जागं ठेवत असतो, त्याने गॉगल घरी पोहोचल्यावर आठवावा. पाळ्या फिरवताना सकाळ, दुपार, रात्र असा क्रम ठेवावा, उलटा नाही. माणसाचं आतलं घड्याळ २४ तासांपेक्षा जराशा लांब फेऱ्याचं असल्यामुळे झोप पुढे ढकलणं त्याला सोपं जातं, अलीकडे ओढणं जड.

रात्रीचं खाणंही यातच येतं. मध्यरात्री मेलाटोनिन हे शरीराला रात्र झाल्याचं सांगणारं संप्रेरक वाढलेलं असताना इन्सुलिन कमी पाझरतं, त्यामुळे कँटीनमधली रात्री २ ची कचोरी दुपारच्या कचोरीपेक्षा रक्तातली साखर जास्त वर नेते. (रात्रीच्या खाऊबाजारात, सराफ्यात, महिन्यातून एकदा जाणाऱ्यांनी घाबरू नये.) मुख्य जेवण पाळीआधी ८-९ ला, मध्ये मूठभर शेंगदाणे-फुटाणे, ताक, एखादं फळ, एवढं पुरतं. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी पाळी बदलली की डोसाची वेळ डॉक्टरांना विचारूनच बदलावी, कारण उपाशीपोटी साखर उतरली तर गाडीवर चक्कर येते आणि ती झोपेसारखीच दिसते. रक्तदाबही रात्रीच्या झोपेत १० ते २० टक्के खाली येतो, ही विश्रांती वर्षानुवर्षं हुकली की हृदयावर ताण पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीला २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवलं आहे. हा गट पुरावा किती भक्कम ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. तेव्हा नोकरी सोडायची गरज नाही, झोप सांभाळायची आहे.

शेवटी घोरण्याबद्दल, कारण त्याची आपल्याकडे थट्टाच होते. जोरात घोरता घोरता आवाज एकदम बंद होतो, दहा-वीस सेकंद श्वास थांबतो आणि मग गुदमरल्यासारखा हुंकार येतो, हा स्लीप ॲप्निया. तासाला ५ पर्यंत अडथळे ठीक, १५ च्या वर मध्यम आणि ३० च्या वर तीव्र. असा माणूस आठ तास झोपूनही अर्धवट झोपलेला असतो. मानेचा घेर ४० सेंटिमीटरहून जास्त, रक्तदाब, पन्नाशी उलटलेली आणि दिवसा पेंग, हे जुळत असेल तर झोपेची तपासणी करून घ्यावी. पलासियाच्या सिग्नलला लाल दिवा असताना डोळा लागतो, ही एक खूण पुरेशी आहे. मास्कने हवेचा हलका दाब देणारं सीपॅप यंत्र रोज वापरलं तर दिवसाची पेंग जाते. ब्रिटनमध्ये असा आजार असलेल्या आणि दिवसा पेंगणाऱ्या चालकाला लायसन्स खात्याला कळवावं लागतं. आपल्या लायसन्सच्या वैद्यकीय दाखल्यात नजर, ऐकणं, फिट येणं याची विचारणा आहे, घोरण्याची नाही.

अपघाताच्या नोंदीचंही तसंच. केंद्राच्या वार्षिक अहवालात कारणांचे रकाने आहेत : अतिवेग, दारू, उलट दिशेने चालवणं, सिग्नल तोडणं, मोबाइल, राहिलेलं सगळं ‘इतर’मध्ये. झोपेच्या अपघाताची खूण जागेवर असते. पहाट, सरळ कोरडा रस्ता, एकटी गाडी डिव्हायडरवर किंवा उभ्या ट्रकच्या मागे, आणि डांबरावर ब्रेकची काळी पट्टी कुठेच नाही. झोप पकडायला दारूसारखी नळी नाही, रक्तात ती सापडत नाही. पण पंचनाम्यात एक ओळ वाढवता येईल : चालक शेवटचा कधी झोपला आणि कधी उठला. इंदूर विभागातल्या पोलिसांनी आणि परिवहन कार्यालयांनी मानपूर ते बिजासन घाट एवढ्या पट्ट्यात ही ओळ या दिवाळीपासून लिहायला सुरुवात केली, तर ‘इतर’च्या रकान्यात काय दडलंय ते वर्षभरात दिसू लागेल.

आपला,
औद्योगिक आरोग्य क्षेत्रातील एक वाचक,
सुदामा नगर, इंदूर